पेठेतला गांधी कट्टा : रस्ता रुंदीकरणात आलेल्या एका पुतळ्याचं प्रकरण

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाचं आहे. गावाचं, माणसांचं, संस्थांचं नाव देत नाही. मी त्याच पेठेत वाढले, आता पुण्यात आर्किटेक्ट म्हणून काम करते आणि या सगळ्यात पेठेतल्या लोकांच्या बाजूने कागदपत्रं, नकाशे आणि आठवणी गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. असे पुतळे महाराष्ट्रात गावोगाव आहेत आणि रस्ते सगळीकडेच रुंद होतायत, त्यामुळे कुणाला तरी उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

पार्श्वभूमी

बाजारपेठेचा रस्ता जिथे शाळेकडे वळतो तिथे एक कट्टा, कट्ट्यावर चौथरा आणि चौथऱ्यावर गांधीजींचा कमरेपर्यंतचा अर्धपुतळा. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, पेठेने वर्गणी काढून बसवलेला. घडवला गावातल्याच हायस्कूलच्या ड्रॉइंग मास्तरांनी. ब्राँझचे पैसे कुठून आणणार, म्हणून आत सळया घालून सिमेंटमध्ये केला. शिल्पकलेच्या पुस्तकात याची नोंद होणार नाही हे खरंय, पण कान आणि खांद्यावरून खाली येणारी शाल मास्तरांनी अशी धरलीय की मागून बघितलं तरी कोण आहे ते कळतं.

आमचं घर त्याच्या बरोबर समोर, खाली कापडाचं दुकान आणि वर आम्ही. आजोबा सकाळी दुकान उघडलं की आधी कट्ट्यावर पाणी मारायचे. २ ऑक्टोबरला शाळेची प्रभात फेरी इथे यायची, सुताचा हार घातला जायचा, लेझीम व्हायचं. बाकी वर्षभर कट्टा म्हणजे पेपर वाचायची जागा, एसटी चुकली की बसायची जागा, बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेल्या बायकांची पाटी टेकवायची जागा. वायरचा चष्मा मुलं सारखी पळवायची आणि कोपऱ्यावरचे सायकलवाले काका स्पोकचा नवा चष्मा करून बसवायचे.

अडचण काय होती

हा रस्ता विकास आराखड्यात रुंद दाखवलेला होता, म्हणजे कागदावर पुतळा कधीचाच रस्त्याच्या मधोमध आला होता. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवतात, तेव्हा पेठेतल्या दुकानदारांनी आपापल्या दुकानाच्या हरकती दिल्या. पुतळ्याची हरकत एकानेही दिली नाही, कारण पुतळा कुणा एकाच्या मालकीचा नव्हता.

प्रत्यक्ष काम सुरू व्हायची वेळ आली ती उसामुळे. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर याच वळणावरून कारखान्याकडे जातात. पुढचा ट्रॅक्टर वळतो, पण मागची ट्रॉली कट्ट्याला घासते. कट्ट्याचे दगड दोनदा निखळले, एकदा ॲम्ब्युलन्स बराच वेळ अडकली. त्यामुळे "रुंदीकरण नको" ही भूमिका आम्ही घेतलीच नाही आणि ती घेणं योग्यही झालं नसतं.

टेंडर निघालं आणि त्यात पुतळ्याबद्दल एकच ओळ होती, कट्टा व चौथरा पाडून मलबा उचलणे. पुतळ्याचं काय हे लिहिलेलंच नव्हतं. विचारल्यावर तोंडी उत्तर मिळालं की तात्पुरता गोदामात ठेवू, नंतर बघू. दुसरीकडे काही मंडळींनी नवा, मोठा, फायबरचा सोनेरी पूर्णाकृती पुतळा नव्या चौकात बसवायची मागणी सुरू केली. पहिला प्रस्ताव गप्प बसायचा आणि दुसरा फार घाईचा, दोन्हीत जुना पुतळा मात्र जाणारच होता.

आठवणी गोळा करताना जे सापडलं

पेठेतली निम्मी घरं आता पुण्या-मुंबईत, काही दुबईत, अमेरिकेत. व्हॉट्सॲपवर पेठेचा ग्रुप होता तिथे मी सगळ्यांना जुने फोटो मागितले. पहिले काही दिवस नुसत्या "आमचे बालपण" वगैरे पोस्ट आल्या, मग हळूहळू लग्नाचे, वरातीचे, मुंजीचे फोटो यायला लागले ज्यात मागे कुठेतरी कट्टा दिसतो. यातून तीन गोष्टी निघाल्या ज्यांनी पुढचं सगळं बदललं.

पहिली माझ्या आत्यांची. आत्या ठामपणे म्हणत होत्या, "अगं, कोयनेच्या भूकंपात आम्ही सगळे गांधीच्या कट्ट्यावर गोधड्या टाकून झोपलो होतो, घरात जायची हिंमत नव्हती." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, आणि पुतळा १९६९ चा. माझे काका म्हणाले, तिचं काहीतरी चुकतंय, पुतळा बसला तेव्हा मी लेझीम पथकात होतो, शताब्दीच होती. दोघंही हट्टाने बोलत होते आणि घरात चांगलाच वाद झाला. मग नाशिकहून एका शेजाऱ्यांनी फोटो पाठवला, त्यात कट्टा आहे, चौथरा आहे आणि वर पुतळा नाही, झेंड्याचा खांब आहे. म्हणजे कट्टा आणि चौथरा आधीचे, स्वातंत्र्यानंतर बांधलेले, त्याला झेंडा कट्टा म्हणायचे आणि पुढे पुतळा आल्यावर गांधीचा कट्टा. आत्या कट्ट्याबद्दल बरोबर होत्या आणि काका पुतळ्याबद्दल.

हे फक्त घरचं भांडण मिटण्यापुरतं नव्हतं. ठेकेदाराच्या इंजिनीअरचं म्हणणं होतं की पुतळा आणि चौथरा एकसंध ओतलेला आहे, तो उचलता येणारच नाही, तोडावाच लागेल. पण चौथरा जर वीसेक वर्षं आधीचा, घडीव काळ्या दगडाचा असेल तर पुतळा त्यावर नंतर बसवलेला असणार, म्हणजे मध्ये सांधा असणार. प्लास्टर थोडं खरवडून बघितलं तर सांधा मिळाला. सळई शोधायच्या मशीनने बघितलं तर पुतळ्यातल्या सळयांपैकी मधली एकच जाड सळई दगडात उतरलेली होती. उचलता येत नाही हे कारण तिथेच संपलं.

दुसरी गोष्ट, आजोबांच्या ट्रंकेत वर्गणीच्या पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती. एक रुपया, दोन रुपये, अकरा रुपये, व्यापाऱ्यांबरोबर हमाल, न्हावी, अत्तरवाले, बोहारणी, एसटीचे कंडक्टर. नव्या पुतळ्याची मागणी करणारे आणि त्याला विरोध करणारे, दोघांच्याही आज्यांची-आजोबांची नावं त्यात निघाली. त्याआधी मीटिंगमध्ये "हा पुतळा अमक्या गटाने बसवला" अशी भाषा होती, स्थळप्रती टेबलावर ठेवल्यावर ती परत ऐकू आली नाही.

तिसरी गोष्ट सांगताना आजही जपून सांगावी लागते. स्थळप्रतींमध्ये एक पावती पुण्याहून आलेल्या मनीऑर्डरची होती. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, आमच्या पेठेच्या टोकाचंही एक घर जळलं आणि ते कुटुंब गाव सोडून गेलं. त्याच कुटुंबातल्या कर्त्या माणसाने एकवीस वर्षांनी गांधींच्या पुतळ्यासाठी त्याच पेठेला पैसे पाठवले होते. आमच्या घरात ही गोष्ट कुणीच कधी बोललं नव्हतं. आत्यांना विचारलं तर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "माहीत होतं सगळ्यांना. बोलायचं कसं तेच माहीत नव्हतं."

समोर असलेले पर्याय

सगळ्यात आधी पुतळा जागेवर ठेवून रस्ता त्याच्या दोन बाजूंनी न्यायचा का ते बघितलं. वळणाची त्रिज्या ट्रॉल्यांना पुरेना आणि एका बाजूची तीन घरं अजून आत कापावी लागत होती. ऊस वाहतूक बाहेरच्या रस्त्याने वळवायची सूचना मला मनापासून आवडली होती, पण तिकडचा ओढ्यावरचा पूल अरुंद आहे आणि तो रुंद करायचा खर्च या कामात नव्हता. ही सूचना आराखड्याच्या वेळी आली असती तर कदाचित टिकली असती.

नव्या चौकातल्या बेटावर जुनाच पुतळा परत बसवायचा, हे भावनेने सगळ्यांना पटत होतं. इथे कायदा आडवा आला. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशात सार्वजनिक रस्ते, फुटपाथ अशा जागांवर पुतळे उभारायला परवानगी देऊ नका असं राज्यांना सांगितलंय. जुना पुतळा होता तिथे राहणं वेगळं, पण एकदा उचलून रस्त्यातच दुसरीकडे बसवला की ती नवी उभारणी होते, असा अर्थ अधिकाऱ्यांनी लावला आणि मला तो बरोबर वाटतो. फायबरच्या नव्या पुतळ्याची मागणीही याच मुद्द्यावर अडकली, शिवाय राज्य सरकारच्या २०१७ च्या शासन निर्णयाप्रमाणे नव्या पुतळ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, कला संचालनालयाकडून मातीच्या मॉडेलला मान्यता, पोलिसांचा अभिप्राय असं बरंच लागतं. आणि तेव्हा मालवणची घटना ताजी होती, २६ ऑगस्ट २०२४ ला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा वर्षसुद्धा न होता कोसळला, त्यानंतर स्ट्रक्चरल सर्टिफिकेटशिवाय कुणी सही करायला तयार नव्हतं. ही काळजी योग्यच आहे.

गोदामाचा पर्याय नगरपरिषदेला सोपा होता. मी त्याला सगळ्यात जास्त विरोध केला. मुंबईत १९६५ च्या सुमारास ब्रिटिशांचे पुतळे रस्त्यांवरून हलवून भायखळ्याच्या राणीबागेत नेले, काळा घोडा चौकातला सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळाही तिकडेच गेला. तिथे निदान पुतळे राहिले आणि लोकांना बघता येतात. पण चौकात फक्त नाव उरलं, आणि २०१७ मध्ये तिथे नवा, स्वाराशिवायचा घोडा बसवावा लागला. आमच्या गावाच्या गोदामात तर पावसाळ्यात पाणी शिरतं, तिथे सिमेंटचा भेगाळलेला पुतळा ठेवणं म्हणजे तो संपवणंच.

राहिला पर्याय वाचनालयाच्या आवाराचा. हाकेच्या अंतरावर, ट्रस्टची स्वतःची जागा, रस्त्याच्या बाहेर, दिवसभर उघडं. अडचण एकच, तिथे कंपाउंडची भिंत होती आणि पुतळा भिंतीआड गेला असता.

निर्णयाचे टप्पे

पहिला निर्णय, मोर्चा-उपोषणाच्या मार्गाने जायचं की फाईलच्या. तरुण मुलांना कट्ट्यावर बसून काम अडवायचं होतं. आम्ही मुख्याधिकारी मॅडमना भेटून एवढंच मागितलं की पुतळा कुठे जाणार हे लेखी ठरेपर्यंत कट्ट्याला हात लावू नका, बाकी रस्त्याचं काम चालू ठेवा. त्या लगेच हो म्हणाल्या. काम थांबलं असतं तर पावसाळ्याआधी डांबरीकरण झालं नसतं आणि अख्खा बाजार आमच्या विरोधात गेला असता.

दुसरा निर्णय रंगाचा. दर वर्षी जयंतीला पुतळ्याला सोनेरी ऑइलपेंट मारायचे, थरावर थर चढून चेहरा गुळगुळीत झाला होता. काढायचा की ठेवायचा यावर खरी चर्चा झाली, कारण मधल्या पिढीने पुतळा सोनेरीच बघितलाय, त्यांच्या आठवणीतला गांधी तोच. पण रंगामागे ओल अडकत होती, आतल्या सळया गंजत होत्या, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो त्यामुळे सिमेंट आतून फुटायला लागलं होतं, मानेपाशी भेग स्पष्ट दिसत होती. आधी पाठीवर हातभर जागेचा रंग काढून बघितला. खाली मास्तरांच्या हत्याराच्या खुणा जशाच्या तशा होत्या, शालीच्या विणीसारख्या बारीक रेघा. ते बघायला मास्तरांच्या मुलीला बोलावलं आणि त्यांनी हात फिरवून बघितल्यावर पुढे चर्चा झालीच नाही, रंग काढायचा ठरला.

तिसरा निर्णय वर्गणीदारांच्या यादीचा. आकड्यांसकट लावायची का? एक रुपयावाला आणि एक्कावन्न रुपयेवाला हा फरक पन्नास-पंचावन्न वर्षांनी कशाला दाखवायचा, म्हणून रकमा काढल्या आणि अकारविल्हे नुसती नावं घेतली. मनीऑर्डर पाठवणाऱ्या कुटुंबाचा शोध घेऊन त्यांना विचारलं. काही जणांचं म्हणणं होतं की घर जळल्याची हकिकतही फलकावर यायला हवी, गावाने ती मान्य करायला हवी, आणि मलाही तसंच वाटत होतं. पण त्या कुटुंबाने सांगितलं, नाव लावा, गोष्ट लावू नका, आमच्या आजोबांनी ती कधी सांगितली नाही. गोष्ट त्यांची आहे, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा मानला. पावतीची स्कॅन प्रत वाचनालयाच्या दप्तरात ठेवलीय, कुणी अभ्यासाला मागितली तर त्या कुटुंबाला विचारून द्यायची असं ठरलंय.

प्रत्यक्ष काम

सिमेंट काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २,४०० किलो धरतात, त्या हिशोबाने पुतळा पाचशे किलोच्या आसपास येत होता, म्हणजे साध्या हायड्रा क्रेनने उचलण्यासारखा. खरी भीती मानेच्या भेगेची होती, पट्टा खांद्याखाली लावला असता तर वजन वरच्या भागावर आलं असतं. म्हणून आधी भेगेत इपॉक्सी भरून घेतलं, मग चारी बाजूंनी लाकडी चौकट केली, आत फोम आणि गोधड्या कोंबल्या (गोधड्या पेठेतल्याच घरांनी दिल्या), सांध्यातली सळई कटरने कापली आणि पट्टे चौकटीला लावून उचललं. पहाटे काम केलं, रहदारी नव्हती, तरी पेठेतली बरीच माणसं उठून आली होती. वाचनालयात नवीन पायावर स्टेनलेस स्टीलचा रॉड घालून पुतळा बसवला. रंग काढताना पेंट रिमूव्हर आणि लाकडी पट्ट्या वापरल्या, सँडब्लास्टिंग करू दिलं नाही, शेवटी पाणी आत न जाऊ देणारा पण वाफ बाहेर सोडणारा पारदर्शक थर दिला.

वाचनालयाच्या ट्रस्टने कंपाउंडची भिंत पुतळ्यासमोर गुडघ्याएवढी खाली केली. या एका गोष्टीमुळे पुतळा रस्त्यावरून दिसतो, आणि ट्रस्टच्या मीटिंगमध्ये ती सगळ्यात अवघड गेली कारण त्यांना आवारात गर्दी होईल अशी भीती होती.

काय झालं

पुतळा वाचला. मास्तरांचं नाव पहिल्यांदाच पुतळ्याखाली लागलं, आधीच्या फरशीवर फक्त अनावरण करणाऱ्या पाहुण्यांचं नाव होतं. रस्ता रुंद झाला, ट्रॅक्टर सरळ वळतात, आमच्या दुकानाची पुढची पायरी आणि ओटा गेला.

कट्टा मात्र गेला, आणि हे नुकसान आम्ही मोजलंच नव्हतं. चर्चा सगळी पुतळ्याची झाली, बसायच्या जागेची झालीच नाही. सकाळी पेपर वाचणारे म्हातारे वाचनालयात गेले, पण बाजाराच्या दिवशी येणाऱ्या बायका वाचनालयाच्या आवारात जात नाहीत, त्या आता बंद दुकानांच्या शटरपाशी बसतात आणि दुकान उघडलं की उठतात. २ ऑक्टोबरची प्रभात फेरी वाचनालयापाशी थांबते, लेझीमला जागा कमी पडते म्हणून ते शाळेतच होतं. रिक्षावाले, पत्ता सांगणारे अजून जुन्या जागेलाच गांधी चौक म्हणतात.

वेगळं काय करता आलं असतं

पुतळा, कट्टा, पार, विहीर अशा सामायिक गोष्टींची हरकत आराखड्याच्या टप्प्यावरच देणं हा सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक मार्ग आहे. तेव्हा रेषा कागदावर असते, नंतर टेंडर आणि ठेकेदार मध्ये येतात. गणेश मंडळ, वाचनालय, शाळेचे माजी विद्यार्थी, कुणीही ती देऊ शकतं.

टेंडरमध्ये पुतळा हलवणं, दगड जपणं या वेगळ्या बाबी म्हणून दरासकट हव्यात. कट्ट्याचे घडीव दगड नंबर टाकून उतरवायचं तोंडी ठरलं होतं, पण ठेकेदाराला त्याचे पैसे मिळणार नव्हते, त्यामुळे जवळपास निम्मे दगड मलब्याच्या डंपरमधून गेले. त्या मजुरांना दोष देण्यात अर्थ नाही.

आठवणी गोळा करताना आधी पुरुषांना विचारलं गेलं, कारण ग्रुपवर तेच बोलत होते. आत्यांची भूकंपाची आठवण सहज चहाच्या वेळी निघाली म्हणून कळली. बाजाराला येणाऱ्या बायकांना तर सुरुवातीला कुणी विचारलंच नाही, त्यांना विचारलं असतं तर कट्टा कशासाठी लागतो हे पहिल्याच मीटिंगमध्ये समोर आलं असतं आणि नव्या फुटपाथच्या आत, दुकानांच्या रेषेला लागून, बसायला दगडी ओटा मागता आला असता.

आत्ताची स्थिती

उरलेले दगड वाचनालयाच्या मागे रचून ठेवलेत. मी आणि पेठेतल्या दोन मुलांनी मोजमापं घेऊन लांबट ओट्याचा नकाशा केलाय, एसटीच्या थांब्याजवळ नगरपरिषदेची मोकळी जागा आहे तिथे तो बसतो आणि रस्त्याच्या हद्दीत येत नाही. अर्जावर बाजारातल्या भाजीवाल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे पहिल्या पानावर घेतलेत. अर्ज बांधकाम विभागाकडे गेलाय, जागेची मोजणी व्हायची आहे.